मार्चचा पगार बसवताना

जळगाव एमआयडीसीत मार्च म्हणजे डाळ मिलमध्ये नव्या हरभऱ्याची आवक आणि पगाराचा हिशेब ठेवणाऱ्या माझ्या टेबलावर सगळ्यांच्या घरभाड्याच्या पावत्या.

"ताई, बारा लाखांपर्यंत टॅक्सच नाही, मग कागद कशाला?" हे सगळेच विचारतात. खरंय, नव्या करपद्धतीत वर्षाला १२ लाखांपर्यंत, पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून १२.७५ लाखांपर्यंत कर लागत नाही. पण ज्यांना गृहकर्ज, भाडं, विमा दाखवून जुनी पद्धत परवडते, त्यांनी तसं सांगायलाच हवं. नाही सांगितलं तर नवीच धरली जाते. भाडं वर्षाला १ लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅनही लागतो. मेंटेनन्सच्या साहेबांच्या भुसावळच्या घरमालकीणबाईंनी पॅनकार्ड गव्हाच्या कोठीत जपलेलं. फोटो आला तो कोपऱ्याला भुसा चिकटलेला, पण नंबर स्वच्छ.

कागद उशिरा आले की राहिलेला सगळा कर मार्चच्या एकाच पगारातून कापावा लागतो. ऐन लग्नसराईत कुणाच्या हातात निम्मा पगार ठेवणं मला बघवत नाही, म्हणून जानेवारीपासूनच मागे लागते.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याजागी आयकर कायदा २०२५ आलाय. आता कराच्या हिशेबाच्या वर्षाला 'कर वर्ष' म्हणायचं. मार्चपर्यंतचा पगार मात्र जुन्याच कायद्यात, म्हणून दोन फायली वेगळ्याच ठेवल्यात. मार्चचा टीडीएस, म्हणजे पगारातून कापलेला कर, ३० एप्रिलपर्यंत भरायचा, त्याचं चौथ्या तिमाहीचं विवरण ३१ मेपर्यंत, आणि फॉर्म १६, म्हणजे कापलेल्या कराचा दाखला, सगळ्यांच्या हातात १५ जूनच्या आत.