पाठ असलेल्या प्रार्थना

शुक्रवार, उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस), रात्रीचे साडेअकरा

आज पुन्हा तोच विषय निघाला. क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या मरणयात्रेची प्रार्थना, संपली, चर्चच्या कंपाउंडमध्ये उभे होतो, आणि चुलतभाऊ म्हणाला की अगं चौदा स्थानं, दर स्थानाला गुडघे टेका, उठा, दर वर्षी तीच वाक्यं, रोजरीचं, म्हणजे जपमाळेचं, पण तेच, पन्नास वेळा नमो मरिया ही मरियामातेची प्रार्थना म्हणून नक्की काय होतं, देवाशी मनातलं बोल ना सरळ, पाठांतर कशाला. तो वाईट मुलगा नाहीये, रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवत नाही, सणाला पालखीबरोबर चालतो, आणि त्याचा प्रश्न खोटा नाही. आमच्या वयाच्या निम्म्या मुलांच्या मनात हाच प्रश्न असतो, फक्त तो बोलून दाखवतो. काकू स्कूटरवर वाट बघत बसल्या होत्या म्हणून तिथे बोलणं अर्धंच राहिलं.

आम्ही वसईचे. इथे कॅथलिक असणं सोपंय असं बाहेरच्यांना वाटतं, गावागावात चर्च, वाटेवाटेवर क्रूस, मे महिन्यात त्या क्रुसापाशी संध्याकाळची प्रार्थना, उपवासकाळात लग्नं नाहीत त्यामुळे त्याच्या आधी आणि ईस्टरनंतर लग्नांची नुसती रांग. आणि हल्ली त्यातलं दिसायला छान ते सगळं आम्ही जपतोय पण, लाल लुगडं नेसून फोटो, लग्नातली जुनी गाणी, जुने पदार्थ, मलाही ते मनापासून आवडतं. पण ज्या आज्या ते लुगडं नेसायच्या त्या दिवेलागणीला गुडघे टेकायच्या, आणि ते मात्र आमच्या पिढीत सुटत चाललंय. लुगडं राहिलं आणि गुडघे टेकणं गेलं तर नेमकं काय राहिलं, हे मला खरंच विचारावंसं वाटतं.

कार्लो अकुटिस या इटालियन मुलाचं पण तसंच होतंय. 7 सप्टेंबर 2025 ला पोप लिओंनी त्याला संत जाहीर केलं तेव्हा आमच्या यूथ ग्रुपवर दिवसभर त्याचेच फोटो, जीन्स घातलेला संत, बूट घातलेला संत, कॉम्प्युटरवाला संत. पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेला, 2006 मध्ये, म्हणजे आमच्यातल्या काहींच्या जन्माच्या आसपासची गोष्ट, त्यामुळे जवळचा वाटणारच. पण तो रोज काय करायचा? रोज मिस्सा, रोज रोजरी, आठवड्याला कन्फेशन. आजी करायची तेच. नवीन काही नाही त्यात.

ऑफिसात खरं तर मला काहीच त्रास नाही. मी अंधेरीला जाते, सकाळच्या विरार लोकलमध्ये जागा मिळो न मिळो, बोटात जपमाळेची अंगठी असते ती फिरवत रोजरी होते, बाजूच्या डब्यातून भजनी मंडळाच्या टाळांचा आवाज येतो आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन गेले तेव्हाही कुणी टक लावून बघितलं नाही, आपल्याकडे कपाळाला अंगारा लावलेला माणूस रोज दिसतो. गेल्या वर्षी चर्चमध्ये आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ती राख करतात हे मी टीममधल्या एकीला सांगितलं तर तिला ते फार आवडलं. ती संकष्टी करते. शुक्रवारी टीमसाठी बिर्याणी मागवली की माझ्यासाठी वेगळं काहीतरी तीच सांगते, मला आठवण करून द्यावी लागत नाही. नियमाने बघितलं तर शुक्रवारी मटण चालत नाही पण मासळी चालते, पण वसईत मासळी खाऊन उपवास केला म्हणणं मला पटत नाही, आमच्याकडे बरीच घरं अख्खा उपवासकाळ मटणमासळीला हात लावत नाहीत, मीही नाही. आणि वाचलेले पैसे चर्चच्या उपवासकाळाच्या पेटीत, नाहीतर ते नुसतं डाएट.

तर पाठांतर. मी भावाला सांगणार होते ती गोष्ट ही. पप्पांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं त्या रात्री मी बाहेर खुर्चीवर बसले होते आणि मनातलं बोल म्हणतात ना, मनात काहीच नव्हतं. भीतीने डोकं बंद झालं होतं, देवा एवढं म्हणून पुढे शब्दच येईनात. आणि मग आपोआप नमो मरिया सुरू झालं, कारण ते लहानपणापासून जिभेवर होतं. माझी श्रद्धा त्या रात्री फार मोठी होती असं अजिबात नाही, पण शब्द होते, आणि ते माझे नव्हते म्हणूनच ते टिकले. आपण रचलेलं वाक्य आपल्याबरोबरच कोसळतं. हे मला तेव्हापासून पक्कं कळलंय आणि म्हणून मी कंटाळा आला तरी रोज म्हणते, मन लागत नसलं तरी म्हणते.

आणि येशूनेही तेच केलं की. क्रुसावर, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, ही बायबलमधल्या 22 व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. सगळ्यात वाईट क्षणी त्याच्या तोंडून आलं ते पाठ असलेलं स्तोत्र. मग आम्हाला पाठांतराची लाज कशाची?

आमचा वसईचा संत गोन्सालो गार्सिया पण. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे, सगळ्यांना नाव माहीत, पण त्याचा शेवट किती जणांनी वाचलाय? वसईत जन्मलेला, जपानमध्ये व्यापार केलेला, मग फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झालेला, भाषा येत होती म्हणून मिशनरींचा दुभाषी. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीला सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं त्यात तो होता. त्या वेळच्या वृत्तांतात लिहिलंय की गोन्सालो मोठ्या आवाजात प्रभूची प्रार्थना आणि नमो मरिया म्हणत होता. बस. मोठं भाषण नाही, स्वतःची अशी काही खास प्रार्थना नाही, वसईच्या पोराला लहानपणी शिकवतात तेवढंच. आणि त्यांच्यात अँथनी नावाचा तेरा वर्षांचा मुलगा होता, त्याने तिथे स्तोत्र गायला सुरुवात केली, मुलांनो प्रभूची स्तुती करा, आणि त्याच वृत्तांतात पुढे म्हटलंय की ते तो नागासाकीच्या कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात शिकला होता. हे वाक्य मी कितीतरी वेळा वाचलंय आणि दर वेळी अंगावर काटा येतो, कारण मी स्वतः रविवारी कॅटेकिझम घेते.

माझ्या वर्गातली पोरं मागच्या बाकावर मस्ती करतात, अर्धी ओळ गिळतात, एकाला तर 'पवित्र' हा शब्दच नीट म्हणता येत नाही. काही पालक म्हणतात मुलांना अर्थ समजत नाही तर घोकून कशाला घेता, गोष्टी सांगा, गेम घ्या. गोष्टी सांगेनच, अर्थही सांगेन, या रविवारी तर अँथनीचीच गोष्ट सांगणारे. पण पाठही करून घेणार, अगदी एकेकाला उभं करून. पुढे कुणाला कुठल्या रात्री लागेल ते मला काय माहीत. अँथनीने गायलेलं ते 113 वं स्तोत्र छोटं आहे, दोन रविवारात बसेल, आणि भावाला सकाळी मेसेज करून विचारते की गिटार घेऊन वर्गावर येशील का, चाल लावून दिलीस तर पोरांना पटकन येईल.