आमची वाटचाल : फोंड्याची ब्राउनी

गोव्यात आज ‘लाइट ब्राउनी’ म्हणून जे काही विकलं जातं, त्यातलं बरंचसं ब्राउनी नाहीच. तो बसलेला चॉकलेट केक आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना बाईंना एवढा राग कशाचा, असं कुणाला वाटायला नको. मैदा वाढवायचा, बेकिंग पावडर घालून फुगवायचं, वर कंपाउंडचा, म्हणजे कोको बटरऐवजी वनस्पती तेल घातलेल्या नकली चॉकलेटचा, थर ओतायचा आणि हलकी म्हणून खपवायची. आमची ब्राउनी पोटाला हलकी असते, दाताखाली नाही. दाताखाली ती दाट, ओलसर, मधोमध जरा चिकटच लागली पाहिजे.

2016 साली फोंड्यात घरच्या ओट्यावर सुरुवात केली तेव्हा आम्हीही सगळे करतात तशीच करायचो. आठ इंची टिनला 200 ग्रॅम डार्क चॉकलेट, 150 ग्रॅम बटर, साखर, अंडी, मूठभर मैदा. खपायची. पहिल्या गिऱ्हाइकांत ढवळीचे एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांना आम्ही सगळे सरच म्हणतो. दर शनिवारी बाजार करून परतताना यायचे, पिशवीतली भाजी नीट बाजूला सारून खाली खोक्याला जागा करायचे, मग पैसे मोजायचे. एका शनिवारी मात्र खोकं हातात घेऊन उभेच राहिले. ‘‘बाय, एक तुकडा खाल्ला की रात्रीचं जेवण जात नाही. डॉक्टरही ओरडतो. एवढं बटर कशाला? चॉकलेट चॉकलेटसारखं लागू दे ना.’’

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण सर बोलले ते डोक्यातून जाईना. चॉकलेटमध्ये तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त स्निग्धांशच असतो, कोको बटर. त्याला स्वतःची चव जवळजवळ नसते. चव असते ती उरलेल्या तपकिरी भागात. कोकोच्या बिया दाबून बटर काढून घेतलं की जो भाग राहतो तो दळून कोको पावडर होते, आणि तिच्यात स्निग्धांश साधारण 10 ते 12 टक्के, भारीतल्या पावडरीत 20 ते 24 टक्के. म्हणजे चॉकलेट वितळवून त्यात पुन्हा बटर ओतण्यापेक्षा नुसत्या कोकोवर ब्राउनी केली, तर चव वाढते आणि जडपणा उतरतो. कागदावर सोपं. पहिल्या घाण्यांना ती भाकरीसारखी कोरडी झाली, घरातल्यांनी दुधात बुडवून संपवली.

ही अडचण सुटली ती चक्क्याने. बटर कमी केल्यावर जो ओलावा जातो तो पाणी घालून परत येत नाही. फडक्यात रात्रभर टांगलेलं दही घातलं की येतो. आमचं माप आता गुपित राहिलेलं नाही (कसं ते पुढे येईलच), तेव्हा लिहूनच टाकते. आठ इंची टिनला 80 ग्रॅम बिनमिठाचं बटर, 70 ग्रॅम कोको, 190 ग्रॅम साखर, दोन अंडी, 50 ग्रॅम चक्का, 60 ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ. बेकिंग पावडर नाही. सोडा नाही. कोको कोरडा मैद्यात मिसळू नका. गरम बटरमध्ये कालवा आणि जरा थांबा, वास स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत गेला पाहिजे. मिश्रण कोमट असतानाच साखर आणि अंडी घालून दमाने फेटा. साखर अंड्यात विरघळली तरच वर ती पातळ चकचकीत पापडी धरते. मग चक्का, आणि मैदा सगळ्यात शेवटी. मैदा पडल्यावर हात आवरता घ्यायचा, नाहीतर चिवट होते. साखरेतली थोडी काढून त्या जागी माडाचा गूळ किसून घातला तर रंग आणि ओलावा दोन्ही सुरेख येतात, पण दोदोलासारखा (माडाच्या गुळाची गोव्याची मिठाई) वास चढतो. सरांना आवडतो, सगळ्यांना नाही.

हत्यारांबद्दल थोडं लिहिते, कारण नव्या मुली पहिल्यांदा मिक्सर घ्यायला धावतात. ब्राउनीला मिक्सर लागत नाही. लागतो तो ग्रॅमचा काटा. कप-चमच्याच्या मापात कोकोचा एक कप कधी 80 ग्रॅम भरतो, कधी 110. दुसरं, ओव्हनच्या आत ठेवायचा थर्मामीटर. ओटीजीच्या, म्हणजे घरगुती विजेच्या छोट्या ओव्हनच्या, बटणावर 180 लिहिलेलं असतं म्हणून आत 180 असतातच असं कुणी समजू नये. आमच्या जुन्या ओटीजीत डावीकडचा मागचा कोपरा कायम पुढे पळायचा, म्हणून अर्ध्या वेळेला टिन फिरवायची सवय लागली, ती अजून आहे. आम्ही 165 वर भाजतो, वीस ते पंचवीस मिनिटं. टिन फिक्या अॅल्युमिनियमचा. काचेच्या भांड्यात मध्य होईपर्यंत कडा वाळून जातात, आणि बाहेर काढल्यावरही काच गरम राहून आतलं भाजतच राहते. काडी घालून बघाल तर तिला ओले कण चिकटलेच पाहिजेत. काडी स्वच्छ आली म्हणजे उशीर झाला. मग गार करा, टिनसकट फ्रिजमध्ये ठेवा, आणि सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, मगच कापा. फोटोसाठी गरमागरम कापणाऱ्यांचे तुकडे मी पाहिले आहेत.

पुढली काही वर्षं सांगण्यासारखी नाहीत. ऑर्डरी येत होत्या, आम्ही देत होतो. एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी झाली, खोक्यावर चौदा आकडी नंबर आला. श्रावणात आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) अंड्याशिवायची ब्राउनी सुरू केली. तिचे टिन वेगळे, फेटणं वेगळं, खोक्यावर हिरवी खूण. तिच्यावर ती पापडी येत नाही, हे आम्ही विकतानाच सांगतो. लॉकडाउनमध्ये गल्लोगल्ली बेकर झाले, त्यातले बरेचसे पुन्हा आपापल्या नोकरीला लागले.

16 मे 2021 ला तौक्ते वादळ आलं. फोंड्यात झाडं पडली, तारा तुटल्या, वीज गेली ती लवकर येण्याची लक्षणं दिसेनात. मिश्रण टिनांत भरून तयार. आमच्या वाड्यावर पाव आणणारा पोदेर म्हणाला, ‘‘हाड गे बाय, भट्टी आसा मगे.’’ (आण गं बाई, भट्टी आहे ना.) लाकडाची जुनी भट्टी. पावाचा घाणा निघून गेला होता, आम्हाला वाटलं आता टिन सारायचे. त्याच्या बायकोने हात आडवा धरला. चिमूटभर पीठ भट्टीच्या तळावर फेकलं. ते लगेच काळं पडलं. ‘‘राव. अजून खूब हून आसा.’’ (थांब, अजून फार गरम आहे.) थोड्या वेळाने पुन्हा पीठ, पुन्हा काळं. तिसऱ्यांदा ते सावकाश बदामी झालं, तेव्हा उलट्या ताटावर टिन ठेवून तिने तोंडाला पत्रा लावला. उतरत्या आचेवर भाजलेल्या त्या ब्राउनीसारखी ब्राउनी आम्हाला ओटीजीत आजवर जमलेली नाही. वर लाकडाच्या धुराचा किंचित वास. सरांनी त्यानंतर कितीतरी शनिवार तीच मागितली. पोदेराने पैसे घेतले नाहीत. फेस्ताला (चर्चच्या सणाला) त्याच्या घरी आमचं खोकं जातं.

आता कॅफे. पणजीतला. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

तिथला मालक एका लग्नात आमची ब्राउनी खाऊन आला आणि म्हणाला, रोज हवी. सकाळच्या मिनीबसच्या कंडक्टरकडे खोकी द्यायची, पणजी स्टँडवर त्यांचा मुलगा उतरवून घ्यायचा. डिसेंबरच्या सीझनला आमचा बहुतेक माल तिकडेच जाऊ लागला. त्या भरवशावर पतसंस्थेचं कर्ज काढून दुसरा, मोठा ओव्हन घेतला. पैसे आधी महिन्याने यायचे, मग दोन महिन्यांनी, मग विचारलं की यायचे. यजमान म्हणत होते, उधारी थांबव. पण एवढं गिऱ्हाईक हातचं कोण घालवतं?

मग आमच्याकडे मदतीला येणारी मुलगी काम सोडून गेली. तिच्यावर माझा राग नाही. तिला पगार जास्त मिळाला, घरी गरज होती. आठवड्याभरात मालकाचा फोन. ‘‘आता आम्ही इथेच करतो, पाठवू नका.’’ थकलेल्या बिलांबद्दल चकार शब्द नाही. वर काचेच्या कपाटात पाटी लावली, ‘फोंड्याची होममेड लाइट ब्राउनी’. फोंड्याची!

मी जाऊन पैसे मोजून एक घेतली. मोडली तर आत केकसारखी बारीक बारीक भोकं, म्हणजे पावडर घातलेली. वरचा थर जिभेवर विरघळेना, टाळूला मेणासारखा बसून राहिला. कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून खरं चॉकलेट तोंडात गेलं की पाणी होतं. कंपाउंडमध्ये त्याच्या जागी पाम कर्नलसारखं वनस्पती तेल घट्ट करून घालतात. गोव्याच्या उकाड्यात ते कपाटात छान टिकतं, घाम सुटत नाही, दुकानदाराला सोयीचं. चक्का नव्हताच. आमचं माप नेलं, पण त्यातलं महागाचं आणि कटकटीचं तेवढं गाळलं. हे सगळं सोसलं असतं. पण फोंड्यातलीच माणसं येऊन म्हणायची, ‘‘तुमचीच ब्राउनी पणजीत वीस रुपयांनी स्वस्त मिळते, मग इथे का महाग?’’ त्यांना काय समजावणार?

त्यावर 2024 आलं. आयव्हरी कोस्ट आणि घाना इथे पीक बुडालं, पाऊस आणि झाडांचे रोग दोन्ही एकदम. न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला 10,000 डॉलरच्या वर गेला, डिसेंबरात 12,000 च्याही पुढे. काही वर्षांपूर्वी तो अडीच-तीन हजारांत होता. ज्यांच्या ब्राउनीत कोको नावापुरता त्यांना काय फरक पडतो! आमची सगळी इमारत कोकोवर. व्यापारी आज सांगितलेला दर उद्या देईना. ओव्हनचा हप्ता चालू, पणजीचे पैसे अडकलेले. एक महिना असा आला की मी ओव्हनचा फोटो काढून ‘विकणे आहे’ असं लिहूनही ठेवलं होतं.

सरांना कुठून कळलं कोण जाणे. शनिवार नसताना आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, ‘‘भाव वाढव. पण टिनात कोको कमी करशील तर मी यायचा बंद.’’ आणि चवथीपासून नाताळापर्यंतच्या त्यांच्या सगळ्या शनिवारांचे पैसे आगाऊ टेबलावर ठेवले, नव्या भावाने, जो मी अजून ठरवलाही नव्हता. त्यांनी आकडा सांगितला आणि तोच ठरला. गिऱ्हाईक तुटलं, काही परत आलं. ओव्हन घरातच आहे. सप्टेंबर 2025 पासून कोको-चॉकलेटवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, तेवढाच हात सैल झाला.

नव्या बेकरांना एवढंच सांगेन की एकाच दुकानाला निम्म्याहून जास्त माल देऊ नका, आणि माल उतरला की पैसे घ्या. पावसाळ्यात संध्याकाळी भाजू नका. व्होल्टेज पडलं की ओव्हन 165 पर्यंत चढतच नाही आणि ब्राउनीचा शिरा होतो. पहाटे भाजा. पूर्ण गार झाल्याशिवाय खोकं बंद करू नका, दमट हवेत पापडी पाणी धरते. आणि कुणाला काम शिकवायचं तर शिकवाच, पण आधी बिलं वसूल करून घ्या.

गेल्या नाताळाआधी त्या कॅफेतून एक नवीन मॅनेजर आला होता. जुनं त्याला काही ठाऊक नव्हतं, बोलायला सज्जन. म्हणाला, गिऱ्हाईक तक्रार करतं, पूर्वीसारखी लागत नाही, तुम्ही परत सुरू कराल का? मी जुन्या बिलांची वही त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने फोटो काढून नेले. अर्धे पैसे आले आहेत. बाकीचे आले की दर सांगेन. खोक्यावर नाव आमचं राहील, आणि ती पाटी उतरवावी लागेल.