आग विझल्यानंतरच्या भेगा

भिवंडीकडच्या एका कापडाच्या गोदामाला आग लागली होती. बंब परत गेल्यावर मालकांचा फोन आला, "साहेब, स्लॅब जागेवर आहे. गिलावा मारून घेऊ का?" मी आधी टेकू लावायला सांगितले आणि स्लॅबचं कॉम्प्युटरवर मॉडेल करायला बसलो.

नेहमीच्या गणितात काँक्रीट एकजिनसी धरतात. त्यात तापमान नीट कळतं, भेग कुठून सुरू होते ते कळत नाही. म्हणून स्लॅबच्या एका तुकड्यात खडी वेगळी, सिमेंटची पेस्ट वेगळी आणि दोघांमधला सांधा वेगळा दाखवला. दोघांचे स्वभाव उलटे. खडी तापेल तशी फुगत जाते. पेस्ट शंभर-दीडशे अंशांपुढे पाणी सोडून आकसू लागते. खडीभोवती ती ताणली जाते, आणि ताण तिला मुळीच सोसत नाही. स्क्रीनवर भेगा एका खडीकडून दुसरीकडे धावत होत्या. आपली खडी बेसाल्टची, एवढं तरी बरं. क्वार्ट्झ असलेला दगड ५७३ अंशांना स्फटिकरचना बदलतो आणि झपकन फुगतो.

मी खरा हादरलो तो पुढचा भाग पाहून. आग विझली, स्लॅबची खालची बाजू निवू लागली, तरी आतल्या थरांचं तापमान चढतच होतं. काँक्रीटमधून उष्णता फार सावकाश सरकते. मग खडी निवून आकसली; फाटलेली पेस्ट काही तिच्यामागोमाग आली नाही, आणि खडीच्या कडेनं फटी उघडल्या. तापलेल्यापेक्षा निवलेलं काँक्रीट जास्त कमजोर! शिवाय ४०० अंशांपुढे पेस्टमधल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा कळीचा चुना होऊ लागतो. तो नंतर हवेतली ओल पिऊन फुगतो आणि नव्या भेगा पाडतो. पावसाळा तोंडावर होता.

स्लॅबमधून कापून काढलेला गोल नमुना, म्हणजे कोअर, आला तेव्हा मी मालकांना बोलावून घेतलं. कापलेल्या चकतीवर पाणी मारलं. वरचं पाणी सुकलं, पण खडीभोवतीच्या काळ्या ओल्या रेघा तशाच राहिल्या. त्यांनी भिंग हातात घेऊन एकेक रेघ पाहिली आणि विचारलं, "हे सगळं आगीतच झालं?" मी म्हटलं, "थोडं आगीत, बरंच नंतर."

गिलाव्याचा विषय तिथेच संपला. स्लॅबचे जळालेले भाग तोडून नव्यानं ओतायचं ठरलं. तोवर टेकू हलवायचे नाहीत आणि वरच्या मजल्यावर एक गठ्ठाही ठेवायचा नाही, हे मी लेखी दिलं.