दुसऱ्याचं बोट

"दे इकडे, बाबा." लेक म्हणाली आणि फोन माझ्या हातातून गेला. तिचा अंगठा दोनदा वर, एकदा खाली फिरला, मध्येच कुठेतरी एक हिरवी खूण उमटली आणि फोन परत माझ्या हातात. "झालं." गाडीचा विमा भरायचा होता, तो भरला गेला. कसा, ते मला मागच्या वर्षीही कळलं नव्हतं आणि यंदाही नाही. ही पोरं "शिकव" म्हटलं की करून देतात.

तिच्यावर चिडायला मी कोण? आठवून पाहिलं तर मी, माझे वडील, आमची अख्खी गल्ली, सगळ्यांची कम्प्युटरशी पहिली भेट दुसऱ्याच्याच बोटाने झाली.

वडील, म्हणजे आमचे अण्णा, बँकेत होते. कम्प्युटर म्हणजे पोटावर पाय, असं तेव्हा सगळ्या स्टाफचं मत. संघटनांनी बरीच वर्षं दार अडवून धरलं होतं; १९८३ साली बँकांशी करार झाला आणि मग हळूहळू यंत्रं आत यायला लागली. आली तीही नाव बदलून. कम्प्युटर म्हटलं की माणसं बिथरतात म्हणून त्याला 'लेजर पोस्टिंग मशीन' म्हणायचं, असं अण्णा हसत सांगायचे. त्यांच्या शाखेत ते मशीन आलं तेव्हा त्याला काचेची वेगळी खोली मिळाली आणि शाखेतला एकुलता एक एसी. चपला बाहेर काढून आत जायचं. दसऱ्याला झेंडूचा हार, हळदकुंकू. अण्णांनी कीबोर्डला हात लावला नाही. ते लेजरमधले आकडे मोठ्याने वाचायचे आणि नवा लागलेला एक पोरगेला क्लार्क ते टाइप करायचा. संध्याकाळी मशीन बेरीज छापून द्यायचं आणि अण्णा तीच बेरीज पेनाने पुन्हा करायचे. वर्षभर केली. एकदा तरी चुकेल, अशी आशा असावी. चुकलं नाही. त्याचं त्यांना वाईट वाटलं की हायसं वाटलं, ते काही बोलले नाहीत.

इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं झालं १५ ऑगस्ट १९९५ ला. विदेश संचार निगमने मुहूर्त स्वातंत्र्यदिनाचा धरला. आमच्यापर्यंत ते स्वातंत्र्य यायला आणखी काही वर्षं गेली. आलं ते कॉलेज रोडच्या एका तळघरात, प्लायवूडच्या सहा खोपट्यांत, तासाला चाळीस रुपयांनी. कॅफेवाला आमच्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा, पण त्याचा रुबाब डॉक्टरचा. मोडेमची ती किरकिर, शीळ, खरखर सुरू झाली की तो बोट वर करायचा आणि सगळे गप्प.

त्याचा खरा दिवस म्हणजे बारावीचा निकाल. जिन्यापासून रस्त्यापर्यंत रांग. हातात सीट नंबरची चिठ्ठी, कुणाची आई, कुणाचा मामा, आणि दोघं-तिघं जण ज्यांना नापास होण्याची पक्की खात्री, ते रांगेच्या बाहेर, पानटपरीशी. कॅफेवाला चिठ्ठी घ्यायचा, एका बोटाने आकडे मारायचा आणि एंटर दाबून खुर्चीत मागे रेलायचा. पान उघडायला पाच-पाच मिनिटं. वरून पट्टी पट्टीने उलगडायचं. आधी मंडळाचं नाव, मग पोराचं, मग आईचं, मग इंग्रजीचे मार्क. तिथे हमखास अडकायचं. एक बाई माझ्या पुढे होत्या, धुण्याचे ओले हात तसेच घेऊन आलेल्या. स्क्रीन इंग्रजीवर थांबला तशा त्या कॅफेवाल्याला म्हणाल्या, "अहो, तुम्हीच टाका ना काहीतरी चांगलं." तो हसला नाही. म्हणाला, "काकू, मी फक्त नंबर टाकतो." मुलगा पास झाला. काकूंनी पेढा स्क्रीनसमोर ठेवला आणि मग त्याला दिला.

२०११ च्या जनगणनेत घरोघरी विचारलं होतं, कम्प्युटर आहे का, त्याला इंटरनेट आहे का. देशात शंभरातल्या जेमतेम तीन घरांनी इंटरनेट आहे म्हणून सांगितलं. बोटांवर मोजण्याइतकी घरं. आता त्या काकूंना विचारलं असतं तर त्याही नाहीच म्हणाल्या असत्या, आणि ते खरंच होतं. पण त्यांचा मुलगा पास झाल्याचं त्यांना इंटरनेटनेच सांगितलं होतं. मोजणाऱ्याने यंत्रं मोजली. उसनी बोटं कोण मोजणार?

उसनवारीचा सगळ्यात मजेदार नमुना म्हणजे एमएससीआयटी. सरकारी नोकरीत वेतनवाढ हवी तर संगणक आला पाहिजे, असं निघालं आणि निवृत्तीला आलेले मास्तर क्लासला जायला लागले. आमचे गणिताचे सर ज्याच्या क्लासला गेले, त्याला त्यांनी आठवीत बाकावर उभं केलेलं. तो बिचारा उभा राहूनच शिकवायचा. "सर, माउस उचलायचा नाही, सरकवायचा." सर पुन्हा उचलायचे.

माझे सासरे निफाडचे, द्राक्षवाले. अमेरिकेतल्या आयोवात संकरित मक्याचं बियाणं कसं पसरलं, यावर १९४३ साली दोन समाजशास्त्रज्ञांनी एक अभ्यास छापला होता. बियाण्याची बातमी बहुतेक शेतकऱ्यांना पहिल्यांदा विक्रेत्याने दिली, पण पेरायचं मनावर घेतलं ते शेजाऱ्याचं पाहून. हे मी सासऱ्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं. ते म्हणाले, "यात शोध काय लागला? बांधावरून दिसल्याशिवाय कोण औषध बदलतं?" त्यांच्याकडे पहिला स्मार्टफोन आला तोही असाच, शेजारच्या बागवाल्याला लासलगावचा कांद्याचा भाव घरबसल्या कळतो म्हणून. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, नोव्हेंबरात नोटा गेल्या आणि मग बांध वगैरे काही उरलं नाही, सगळं एकदमच झालं. आज नाशिकरोडला, जिथे देशाच्या नोटा छापतात तिथून हाकेच्या अंतरावर, चहाच्या टपरीवरचा डबा ओरडतो: दहा रुपये प्राप्त झाले. चहावाला मान वर करून बघतही नाही. छापखान्यातल्या लोकांना ते ऐकून काय वाटतं, हे एकदा विचारायचं आहे.

आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी पंचवटीत राहतात. सही येत नाही. पूर्वी अशा माणसाला अंगठेबहाद्दर म्हणून हिणवायचे. आता सगळा देशच अंगठा टेकवतो. आधारची सुरुवातही आमच्याच नाशिक विभागातली, २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबारच्या टेंभलीत. पण मावशींचा अंगठा मशीनला पटत नाही. तीस वर्षं राख, मग पावडर, मग तारेची घासणी. रेषाच उरलेल्या नाहीत. गेल्या महिन्यात धान्याच्या दुकानात त्यांनी अंगठा पदराला पुसून ठेवला, ओला करून ठेवला, केसांवर फिरवून ठेवला. प्रत्येक वेळी लाल दिवा. इथे कार्डावर नाव नसलेल्या कुणाचं बोट उसनं चालत नाही. लेकीला सोबत नेलं होतं, पण तिचं नाव आता त्या कार्डावर नाही; ती नुसती उभी. मागची रांग कुरकुरायला लागली तेव्हा दुकानदार म्हणाला, "मावशी, दुसरं बोट ठेवा." डाव्या हाताचं अनामिकेचं बोट चाललं.

परवा मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर मावशी भांडी घासत होत्या आणि डाव्या हाताचं एक बोट वेगळं, ताठ वर धरलेलं. मला वाटलं कापलं. "काही नाही हो दादा," त्या म्हणाल्या, "हे गव्हातांदळाचं बोट आहे."