हिरवा दिवा रात्रभर टिकला

टिकला! काल रात्री साडेनऊला पंपाने हवा ओढली, पहाटे साडेपाचला उठून आधी हाउसिंगकडे, म्हणजे कॅमेरा पाण्यात न्यायच्या जलरोधक डब्याकडे गेलो, तर व्हॅक्यूमचा दिवा हिरवाच, म्हणजे बाहेरची हवा आत शिरलेली नाही. पूर्ण ८ तास. गळतंय म्हणून मागे मी हे हाउसिंग विकून टाकायचं म्हणत होतो, ते शब्द मागे घेतो.

एप्रिलमधली पहिली बुडी आधी सांगतो. मोहोळजवळ मामाच्या मळ्यातली विहीर, कॅमेरा (सोनी ए६४००) घरी ठेवलेला, आत फक्त टिश्यू पेपर आणि मोज्यात गुंडाळलेली किलोकिलोची दोन लोखंडी मापं, कारण रिकामं हाउसिंग बुचासारखं वर येतं. कासऱ्याला बांधून २० फूट खाली सोडलं. दहा मिनिटांनी ओढलं, तर कोपऱ्यातला टिश्यू भिजलेला, तळाशी चमचाभर पाणी. मामा काठावरून म्हणाला, "आरं, एवढ्याशा पाण्याला कशापायी त्वांड पाडून बसलास?" त्याला काय सांगणार, त्या चमच्यात माझा कॅमेरा गेला असता.

४० मीटरचं रेटिंग आणि ६ मीटरवर गळती, म्हणून मी खोलीलाच दोष देत होतो. मग घरी बादलीत दोन फुटांवर धरलं, तरी गळलं! तिथे डोक्यात प्रकाश पडला. दाब वाढला की ओ-रिंग, म्हणजे झाकणाची रबरी कडी, खाचेत आणखी घट्ट बसते. बारीकसारीक गळती उथळ पाण्यातच जास्त होते. म्हणजे रिंगवर काहीतरी आडवं पडलेलं असणार. कारखान्यात कापडाचे धागे मोजायला वापरतो तो पिक ग्लास आणला आणि रिंग इंच-इंच तपासली. बिजागरीजवळ सापडला, सुताचा एक तंतू, अर्धा सेंटिमीटर, पांढरा, ग्रीसमध्ये रुतलेला. आपल्याच सोलापुरी टर्किश टॉवेलचा. प्रत्येक वेळी मी त्याच टॉवेलने रिंग पुसत होतो, वर ग्रीसही भरपूर लावत होतो. ग्रीस पाणी अडवत नाही, ते रिंग सरकायला मदत करतं. जास्त झालं की कचरा धरून ठेवतं, आणि आमच्या घरात तर हवेतही कापूस उडतो. आता चष्म्याचं फडकं, मुगाच्या दाण्याएवढं ग्रीस, आणि बोटानेच चाचपणं. गळती बंद.

आता खरं छळणारं प्रकरण. खात्रीसाठी व्हॅक्यूम व्हॉल्व्ह बसवला. भल्या सकाळी हवा ओढली की हिरवा दिवा, दुपारी दोनला लाल. रोज! रिंग बदलली, खाच इअरबडने साफ केली, व्हॉल्व्ह काढून पुन्हा बसवला. मुंबईच्या एका विक्रेत्याने दोनदा चुकीच्या जाडीची रिंग पाठवली आणि नंतर फोनच उचलेना. शेवटी इथल्या ऑइल सीलच्या दुकानात व्हर्नियरने मोजून त्यांनी नायट्राइलची हुबेहूब रिंग काढून दिली, चहाही पाजला. स्पेअरसाठी आधी गावातच विचारा, हे माझं ठाम मत आहे. पण दिवा लालच. तीन आठवडे यात गेले.

शेवटी कळलं, गळत काहीच नव्हतं. मी चाचणी करत होतो पत्र्याच्या खोलीत, मे महिन्यात. सकाळी खोलीत २७ अंश, दुपारी ४२. केल्विनमध्ये ३०० आणि ३१५, म्हणजे बंद डब्यातल्या हवेचा दाब ५ टक्क्यांनी वर. ८०० मिलिबारवर ओढून ठेवलेलं आपोआप ८४० होतं, आणि सेन्सरला वाटतं हवा आत शिरली. म्हणून कालची रात्रीची चाचणी. गरम खोलीत बंद करून हाउसिंग थेट गार विहिरीत नेलं की डोमवर, म्हणजे लेन्ससमोरच्या घुमटाकार काचेवर, आतून वाफ धरते, तीही याच खोलीची देणगी. आता पहाटेच बंद करायचं, आत सिलिका जेलची पुडी.

हाउसिंगमध्ये कुठली लेन्स घालायची, हा घोळही सुटत आलाय. ३० मिमी मॅक्रो यादीतून काढली. १:१ ला, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकारात घ्यायची तर, लेन्ससमोर जेमतेम अडीच सेंटिमीटर जागा उरते, ती फ्लॅट पोर्टच (डोमऐवजी लावायची सपाट काच) खाऊन टाकतो. सोनीच्या १०-१८ मिमी वाइड लेन्ससाठी पैसे साठवत होतो. पण मला हवा आहे तो फोटो चिलापी माशाच्या मादीचा, पिल्लं तोंडात घेते त्या क्षणाचा. विहिरीत चार-पाच फुटांपलीकडे धूसर दिसतं, त्यामुळे वीतभर अंतरावर जावंच लागतं. माझ्या डोमची त्रिज्या ८ सेंटिमीटर आहे. पाण्यात अशा डोममागून अनंतावरची वस्तूसुद्धा काचेपुढे सुमारे २४ सेंटिमीटरवर भासते, आणि १५ सेंटिमीटरवरचा मासा पावणेआठवर. काच ते सेन्सर १५ धरले तर बेरीज २३ च्या आत. १०-१८ फोकस करते सेन्सरपासून २५ सेंटिमीटरच्या पुढेच. म्हणजे महाग लेन्स घेऊनही नेमका तोच मासा अंधुक!

हे लिहिता लिहिताच सुचतंय : माझ्याकडच्या १६-५० किट लेन्सवर +२ चा क्लोज-अप फिल्टर, म्हणजे जवळचं फोकस करायला पुढे चढवायचं भिंग, लावला तर? ४०.५ मिमीचा, काही शेकड्यांत मिळतो. लांबचं भासमान चित्रही त्याच्या ५० सेंटिमीटरच्या मर्यादेत बसतं. कडा मऊ येतील, एफ/८ ला बऱ्याच सावरतील. तसं असेल तर १०-१८ रद्द, ते पैसे लाइटला. विहिरीत सगळं हिरवं दिसतं, तिथे लाइटशिवाय माशाचा रंग येत नाही. डोम उपसून १६-५० वर फ्लॅट पोर्ट आणि बाहेरून वेट लेन्स (पाण्यातच चढवता-काढता येणारी) लावायचा विचारही होता, तो तारकर्लीच्या वारीपर्यंत बाजूला.

फिल्टर मागवलाय. सकाळी मामाचा फोन आला, "पाणी दोन पायऱ्या खाली गेलंय, पर निवळशंख हाय. पाऊस पडायच्या आत ये, न्हाईतर गढूळ हुईल." रविवारी पहाटे निघतोय. या वेळी मापं घरी, कॅमेरा आत.