तुम्ही विचारलंत म्हणून: हीटर एसीवर जास्त तापतो की डीसीवर?

हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: 230 व्होल्ट एसी (दिशा सतत उलटणारा प्रवाह) आणि 230 व्होल्ट डीसी (एकाच दिशेचा प्रवाह), एकच हीटर, मग जास्त उष्णता कशावर? उत्तर: दोन्हींवर सारखीच. आणि हा योगायोग नाही. एसीचा 230 हा आकडा मुळात उष्णतेवरूनच ठरवलेला आहे.

1000 वॉटचा हीटर घ्या. तापलेल्या कॉइलचा रोध साधारण 52.9 ओहम. 230 चा वर्ग भागिले 52.9, म्हणजे 1000 वॉट. डीसीवर ही शक्ती सतत तेवढीच राहते. एसीवर व्होल्टेज शून्यापासून 325 पर्यंत चढतं, उतरतं, मग उलट दिशेला तसंच. उष्णता व्होल्टेजच्या वर्गावर ठरते, त्यामुळे दिशा उलटली तरी ती वजा होत नाही. 50 हर्ट्झवर कॉइलमधली शक्ती सेकंदाला 100 वेळा शून्यावरून 2000 वॉटपर्यंत जाऊन परत येते. सरासरी 1000. मधल्या शून्याच्या क्षणी जाड कॉइलला थंड व्हायला वेळच मिळत नाही. व्होल्टेजच्या वर्गांची सरासरी काढून तिचं वर्गमूळ घेतलं की आरएमएस मिळतं, म्हणजे तेवढीच उष्णता देणारं डीसी व्होल्टेज. साइन लहरीसाठी (मेन्सच्या गुळगुळीत चढउतारासाठी) ते शिखराच्या 0.707 पट असतं: 325 चं 230.

खरा घोळ होतो तो लहर साइन नसते तेव्हा. त्याच हीटरच्या मार्गात एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घातला तर अर्धी लहर कापली जाते आणि उष्णता बरोबर निम्मी, 500 वॉट होते (कॉइलचा रोध तेवढाच धरून). आता मीटर डीसी रेंजवर लावा: साधारण 103 व्होल्ट. त्यावरून हिशेब केला तर जेमतेम 200 वॉट येतात. ट्रू आरएमएस मीटरच्या एसी रेंजवर 125 च्या आसपास दिसेल, कारण बहुतेक मीटर त्या रेंजवर डीसीचा भाग अडवतात. दोन्ही आकड्यांचे वर्ग करून बेरीज करा, वर्गमूळ घ्या: 162 ते 163 व्होल्ट. हाच उष्णतेचा खरा आकडा. सरासरीवर चालणारं साधं मीटर एसी रेंजवर इथे भरवशाचं नाही, डिमरमागेही नाही.

स्वतः पडताळायचं असेल तर मेन्सवर अजिबात नको. 12 व्होल्ट, 24 वॉटचा तारेचा दिवा घ्या. एकदा 12 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर, एकदा बदलता येणाऱ्या डीसी पुरवठ्यावर. दिव्यापासून ठरावीक अंतरावर प्रकाशमापक ठेवा, खोलीत अंधार करा. एसीवरचं वाचन लिहा, मग डीसी हळूहळू वाढवून तेवढाच प्रकाश आणा. व्होल्टेज दिव्याच्या टोकांशीच मोजा. विनाभार ट्रान्सफॉर्मर 12 पेक्षा जास्त दाखवतो आणि जोडतारांतही थोडं व्होल्टेज पडतं. बहुतेकांचे निकाल इथेच चुकतात. ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) एसीचं शिखर 17 व्होल्टच्या जवळ दिसेल, डीसी मात्र 12. पाण्यात बुडवायच्या कॉइलनेही हे जमतं: 24 वॉट, 200 ग्रॅम पाणी, 5 मिनिटं, तापमानात जवळपास 8.6 अंशांची वाढ. पाणी ढवळलं नाही आणि भांडं झाकलं नाही, तर या आकड्यावर विसंबू नका.

मग एसी-डीसीत फरक कुठेच नाही का? आहे, पण कॉइलच्या बाहेर. ट्रान्सफॉर्मरसारख्या उपकरणांतला लोखंडी गाभा एसीत भोवरी प्रवाहांनी (लोखंडातच गोल फिरणाऱ्या करंटने) स्वतः तापतो, डीसीत नाही. उलट ट्रान्सफॉर्मर डीसीला जोडला तर करंट अडवायला फक्त तारेचा किरकोळ रोध उरतो आणि गुंडाळी जळते. सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे थर्मोस्टॅट. एसीत करंट दर अर्ध्या चक्राला शून्यावर येतो, म्हणून संपर्क उघडताना उडालेली ठिणगी विझते. डीसीत ती चाप धरून राहते, संपर्क वितळून चिकटतात, आणि हीटर बंदच होत नाही. फक्त एसीसाठी बनवलेला हीटर सोलर बॅटऱ्यांच्या 230 व्होल्ट डीसीवर लावण्याआधी कॉइलकडे नाही, स्विच आणि थर्मोस्टॅटवरचं डीसी रेटिंग बघा. ते छापलेलं नसेल तर लावू नका.