तुम्ही विचारलंत म्हणून: पील प्लाय ओढला की लगेच चिकटवायचं का?

पील प्लाय म्हणजे पार्ट बनवताना वर बसवलेलं आणि जोडायच्या आधी ओढून काढायचं कापड. विमानाच्या कंपोझिट कामात (तंतू आणि ते धरून ठेवणारं रेझिन यांचे पार्ट) नवीन आलेला माणूस हटकून विचारतो, "पील प्लाय ओढला की पृष्ठभाग स्वच्छच असतो ना?" आणि पाठोपाठ, "सगळ्यात स्ट्राँग अ‍ॅडहेसिव्ह कोणतं?"

स्वच्छ दिसतो, एवढंच. धूळ-तेल पृष्ठभागावर येऊ न देणं हे पील प्लायचं काम. सहज निघावा म्हणून काही कापडांवर सिलिकॉन चढवलेलं असतं आणि त्याचा अंश रेझिनवर राहतो. असं कापड जोडाच्या जागी वापरूच नये. साध्या कापडानंतरही विणीचा गुळगुळीत ठसा उरतो, म्हणून पॉलिश पेपर लागतोच.

पण घासायच्या आधी पुसायचं. उलट केलंत तर मळ ओरखड्यांत चोळून बसतो. अ‍ॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर ओता. फडकं डब्यात बुडवलं की अख्खा डबा नासला. ओलं फडकं एकाच दिशेने फिरवा आणि सॉल्व्हंट उडायच्या आत कोरड्याने टिपून घ्या. उडून गेला तर मळ जागच्या जागी राहतो, फक्त पसरून. फडकी बिनरंगी, धागे न सोडणारी हवीत. फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये धुतलेली नकोत. हातात पावडर नसलेले नायट्रिल ग्लोव्हज. त्याच शेडमध्ये कुणी सिलिकॉन स्प्रे मारत असेल तर आधी त्याला बाहेर काढा.

मग १२० ते १८० नंबरच्या पेपरने रेझिनची चकाकी जाईपर्यंतच घासा. तंतू उघडे पडले तर पार्टच कमजोर होतो. धूळ व्हॅक्यूमने ओढा (कॉम्प्रेसरच्या हवेत तेल असतं) आणि पुन्हा पुसा. आता डिस्टिल्ड पाण्याचा पातळ थर द्या. सलग अर्धा मिनिट टिकला तर ठीक, थेंब वळले तर पुन्हा पहिल्यापासून. ही परीक्षा झाली की पार्ट ओव्हनमध्ये पूर्ण वाळवा, कारण लॅमिनेट (थरांचा कंपोझिट पार्ट) पाणी पितं आणि गरम क्युअरमध्ये, म्हणजे तापवून जोड कडक करताना, ते वाफ होऊन जोडात पोकळ्या पाडतं. सामान्य तापमानाला क्युअर झालेल्या इपॉक्सीवर कधी मेणचट अमाइन ब्लश येतो. तो घासायच्या आधी कोमट पाण्याने धुवा, नुसतं घासून जात नाही.

आता अ‍ॅडहेसिव्ह. "सगळ्यात स्ट्राँग" असं काही नसतं. पार्ट किती तापणार आणि किती ओलावा खाणार, ते आधी सांगा. पोस्ट-क्युअर (कडक झाल्यावर पुन्हा तापवणं) न केलेलं साधं इपॉक्सी उन्हात तापलेल्या गडद रंगाच्या पंखात मऊ पडू शकतं. कंपोझिट विमानं बहुतेक पांढरी का, याचं हे एक कारण. फिल्म अ‍ॅडहेसिव्हला (तयार पातळ पत्र्यासारखं येतं) थर एकसारखा मिळतो, पण उणे १८ अंशांचा फ्रीझर आणि बहुतेक प्रकारांना १२० किंवा १७७ अंशांचं क्युअर लागतं. बाहेर काढल्यावर पिशवीवरचं दव पूर्ण जाईपर्यंत सील फोडू नका. पेस्टमध्ये लॉकटाइट ईए ९३९४ (आधीचं नाव हायसोल) घ्या: वजनाने मूळ पेस्टच्या १०० भागांना १७ भाग हार्डनर, म्हणजे ती कडक करणारा दुसरा घटक. अंदाजाने नाही, काट्यावर. पेस्टचा थर साधारण ०.१ ते ०.२५ मिमी राहावा म्हणून काचेचे बारीक मणी मिसळतात. क्लॅम्प आवळत बसलात तर पेस्ट बाहेर येते आणि जोड उपाशी राहतो. कार्बनला अ‍ॅल्युमिनियम जोडताना मध्ये ग्लास-फायबरचा एक थर हवाच, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम गंजतं.

अल्ट्रासॉनिक तपासणीवर भरवसा ठेवून यातलं काही गाळू नका. त्यात पोकळी दिसते. चिकटलेला पण दुबळा जोड दिसत नाही. म्हणून त्याच दिवशी, त्याच मिश्रणाने, त्याच हाताने लॅप-शिअरच्या पट्ट्या (टोकं एकावर एक चिकटवलेल्या दोन पट्ट्या) करून, ओढून तोडून बघा. अ‍ॅडहेसिव्ह दोन्ही बाजूंना उरलं तर तयारी बरोबर होती. एक बाजू चकचकीत, विणीच्या ठशासकट सुटली, तर त्या बॅचचा पार्ट बाजूला ठेवा.